लहान लॉबस्टरसाठीचा नवा पिंजरा कसा तपासायचा

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मेन राज्यात लॉबस्टरवर संशोधन करणाऱ्यांना उन्हाळ्यात हाताखाली माणसं लागतात. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून किंवा मुंबईच्या सीआयएफई या मत्स्य शिक्षण संस्थेतून शिकून पुढे तिकडे गेलेल्या कुणाच्या वाट्याला हे काम येऊ शकतं. पहिल्या दिवशी मिळणारी सूचना अशी असते: हे पिंजरे घे, यातले अर्धे नव्या रचनेचे आहेत, चालतात का बघ. ‘चालतात का’ म्हणजे नेमकं काय बघायचं, हे नीट सांगायला हंगामात कुणाला सवड नसते. म्हणून हा लेख. शेवंड ताटात पाहिलेली आहे, पण पिंजरा कधी हातात धरलेला नाही, असं समजून लिहितो आहे.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. पिंजऱ्यात किती सापडले यावरून तळाशी किती आहेत हे सरळ कळत नाही. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या मंडळींनी नेहमीच्या पिंजऱ्यावर व्हिडिओ कॅमेरा बसवून तो समुद्रात सोडला आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापले. आत शिरलेल्या लॉबस्टरपैकी जेमतेम ६ टक्के शेवटी हाती लागले होते. बाकीचे आमिष खाऊन निघून गेले, आणि त्यातले बहुतेक लहानांच्या सुटकेसाठी ठेवलेल्या फटीतून गेले नाहीत, आले त्याच दारातून बाहेर पडले. म्हणजे सापळा म्हणून हे यंत्र फारच ढिलं आहे. तरीही त्याच्याच आकड्यांवर नियम ठरतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मत्स्य आयोगाने ठरवलं की, पकडण्याच्या मापाच्या जरा खालच्या लॉबस्टरची संख्या ३५ टक्क्यांनी घटली तर किमान माप वाढवायचं. त्याच वर्षी घट ३९ टक्के निघाली. मच्छीमारांनी कडाडून विरोध केला, अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आणि २०२५ मध्ये माप वाढवण्याचा निर्णय मागे घेतला गेला. ती घट मोजण्यात संशोधनासाठीच्या पिंजऱ्यांचा वाटा होता. तुमचा पिंजरा लहानांना कमी पकडत असेल आणि हे तुम्हाला माहीत नसेल, तर ती चूक किती दूर जाते ते यावरून लक्षात येईल.

पहिली पायरी: ‘लहान’ म्हणजे किती लहान?

मेनचा लॉबस्टर, शास्त्रीय नाव होमारस अमेरिकानस, आपल्या शेवंडीसारखा नाही. शेवंडीला नांग्या नसतात, याला दोन दणकट नांग्या असतात, एक चिरडायची आणि एक कापायची. माप घ्यायचं ते पाठीच्या कवचाचं: डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत, मधल्या रेषेला समांतर. मेनमध्ये हे माप सव्वातीन इंच म्हणजे सुमारे ८३ मिलिमीटर झाल्याशिवाय लॉबस्टर ठेवता येत नाही, आणि पाच इंचांवर म्हणजे १२७ मिलिमीटरवर गेला तरी सोडून द्यावा लागतो. किमान मापाला पोचायला त्याला साधारण सात वर्षं लागतात.

या सात वर्षांत तो एकच प्राणी राहत नाही. पाण्यात तरंगणारी पिल्लं उन्हाळ्याच्या अखेरीस तळाशी उतरतात, तेव्हा त्यांचं कवच फार तर नखाएवढं असतं. तिथून साधारण ४० मिलिमीटर होईपर्यंतचा काळ बहुतांशी गोट्यांच्या तळावर, दगडांच्या सांदीत जातो. सुरुवातीला तर ते बिळाबाहेर पडतच नाहीत, समोर वाहून येईल ते खातात. अशा पिल्लाला आमिषाच्या हेरिंग माशाचा वास दाखवून पिंजऱ्यात बोलावण्यात अर्थ नाही, ते येणार नाही. ४० च्या पुढे मात्र ते हिंडायला लागतात आणि आमिषाकडे वळतात.

म्हणून साधन आधी मापावरून ठरतं. चालू वर्षी उतरलेली पिल्लं हवी असतील तर पाणबुडे गोट्यांच्या तळावर चौकट ठेवून दाबाच्या हवेवर चालणाऱ्या नळीने आतलं सगळं शोषून घेतात, किंवा मग तारेचा उथळ ट्रे गोट्यांनी भरून उन्हाळ्याच्या सुरुवातीला तळाशी ठेवतात आणि शरदात वर काढतात. या ट्रेला कलेक्टर म्हणतात. त्यात आमिष नसतं, फक्त राहायला जागा असते. पिल्लं मोजायचं हे काम रिक वाले यांनी १९८९ च्या सुमारास सुरू केलं आणि आज ते न्यू इंग्लंडपासून कॅनडापर्यंत चालतं. ४० ते ८३ मिलिमीटरचे हवे असतील तर आमिषाचा, पण फट बंद केलेला पिंजरा. तुमच्या प्रयोगाच्या वहीत पहिल्या पानावर मापाची ही मर्यादा लिहा. ‘सगळ्या लहान लॉबस्टरसाठी’ असं कुणी म्हणालं तर विचारा, नक्की कोणत्या? अजून तरी सगळ्यांना पुरेल असं एक साधन नाही.

दुसरी पायरी: पिंजरा ओळखा

आजचा पिंजरा प्लॅस्टिकचा मुलामा दिलेल्या तारेच्या जाळीचा असतो. पूर्वी लाकडाचे असत, सत्तरच्या दशकानंतर तारेचे आले. तीन ते चार फूट लांब, खाली आधाराच्या पट्ट्या, आत वजनाला विटा, रिकामा उचलला तरी वीसेक किलो भरतो. आत दोन खोल्या. पहिलीला तिकडचे लोक किचन म्हणतात. आमिषाची पिशवी तिथे टांगलेली असते आणि बाहेरून आत येणारी दारंही तिथेच उघडतात. दुसरी पार्लर, म्हणजे बैठकीची खोली. खाऊन झालं की लॉबस्टर पुढे पार्लरमध्ये जातो आणि सहसा तिथेच अडकतो. दारं म्हणजे सुताने विणलेले, आतल्या बाजूला निमुळते होत जाणारे बोगदे. त्यांना हेड म्हणतात. ही विणाई स्थानिक माणसाकडून समजून घ्या. हेडचा ताण थोडा कमी-जास्त झाला तरी पकड बदलते, आणि हे कुठल्याही आराखड्यात लिहिलेलं नसतं.

कायद्याने पार्लरला लहानांसाठी फट ठेवावी लागते. मेनमध्ये आयताकृती फट सुमारे ४९ बाय १४६ मिलिमीटरची असते. शिवाय एक पॅनेल गंजणाऱ्या किंवा कुजणाऱ्या बांधणीने लावलेलं असतं. पिंजरा हरवला तर ते काही काळाने गळून पडावं आणि आतल्यांना वाट मिळावी म्हणून. संशोधनाच्या पिंजऱ्यातली फट बंद केलेली असते, पण हे दुसरं पॅनेल तिथेही कधीच बंद करू नका.

आता नव्या रचनेत काय बदललं आहे ते बघा. जाळी बारीक केली आहे? दीड इंचाऐवजी एक इंच? दार अरुंद केलं आहे, मोठे आत येऊ नयेत म्हणून? आत लपायला नळकांडी किंवा दगड ठेवले आहेत? फक्त फट बंद आहे? यातली एकच गोष्ट बदललेली असावी. दोन बदल एकदम केले आणि पकड वाढली, तर ती कशामुळे वाढली हे हंगाम संपला तरी सांगता येणार नाही. नवी कल्पना सुचवणाऱ्या शास्त्रज्ञांना सगळे बदल एकत्र करून बघायची घाई असते. त्यांना थांबवणं हे नवख्या माणसाचं काम नाही हे खरं, पण प्रश्न विचारायला काय हरकत आहे? जुन्या रचनेचा आणि प्रत्येक बदलाचा वेगळा पिंजरा असला की झालं.

तिसरी पायरी: परवाने

फट नसलेला पिंजरा धंद्यासाठी बेकायदा आहे. मापाखालचा लॉबस्टर बोटीवर ठेवणंही बेकायदा आहे. त्यामुळे राज्याच्या सागरी संसाधन विभागाचा विशेष परवाना हातात आल्याशिवाय एकही पिंजरा पाण्यात पडता कामा नये. परवान्याची प्रत बोटीवर ठेवा, प्रत्येक पिंजऱ्यावर टॅग आणि बोयावर ओळख हवी. दोराला मेनचा जांभळा रंग लागतो. उत्तर अटलांटिक राइट व्हेल दोरात अडकून मरतात. अडकलेला दोर कुठल्या राज्याचा हे कळावं म्हणून २०२० पासून हा नियम आहे. २०२२ पासून दोरात कमी ताणाला तुटणारे भागही घालावे लागतात, १,७०० पौंडांच्या ताणाला सुटतील असे.

वेळेचेही नियम आहेत आणि ते प्रयोगाच्या मुळाशी जातात. उन्हाळ्यात रात्री पिंजरे ओढता येत नाहीत, आणि जून ते ऑगस्ट शनिवारी दुपारी चारपासून सोमवारी पहाटेपर्यंत बंदी असते. तुमच्या परवान्यात सवलत असेल किंवा नसेल. नसेल तर गुरुवारी टाकलेला पिंजरा शनिवारी दुपारच्या आत निघाला पाहिजे, नाहीतर सोमवारची वाट बघावी लागेल. मग एका गटाला दोन रात्री आणि दुसऱ्याला चार मिळतील आणि तुलना तिथेच बिघडेल. वेळापत्रक आखताना कॅलेंडर समोर घ्या.

आणि दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावू नका. तुमच्या दोरात गुंतला असेल तरी कप्तानाला विचारा. मेनच्या बंदरांत ही बाब कायद्यापेक्षाही वरची मानली जाते. अमुक खाडी अमुक गावाच्या लोकांची, हे कुठल्याही नकाशावर नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं. प्रयोगाची जागा नकाशावर ठिपके मारून ठरवण्याआधी तिथल्या मच्छीमारांशी बोला. जागेबद्दल जे ते सांगतील ते तुमच्या तळ दाखवणाऱ्या सोनार यंत्रालाही दिसणार नाही.

चौथी पायरी: समुद्राआधी धक्क्यावर

ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त याच पायरीतून शिकायला मिळतं.

आधी पिंजरा धक्क्यावरून पाण्यात सोडा आणि तो सरळ बसतो का बघा. बारीक जाळीचा पिंजरा पाण्याला जास्त अडतो, उतरताना भेलकांडतो, कुशीवर पडतो. कुशीवर पडलेल्या पिंजऱ्याचं दार वर किंवा चिखलात जातं. वजन वाढवायचं असेल तर जुन्या रचनेच्या पिंजऱ्यातही तितकंच वाढवा.

मग टिकाव तपासा, म्हणजे आत गेलेला आतच राहतो का ते. धक्क्याजवळच्या पाण्यात, आमिष न घालता, मोजून मापलेले लॉबस्टर पिंजऱ्याच्या पार्लरमध्ये ठेवा: काही ४० च्या आसपासचे, काही ५०, काही ६०, काही ७० चे. नांगीला आकड्याचा रबरबँड लावला की कोण गेला हे कळतं. एका पिंजऱ्यात फार गर्दी करू नका, नाहीतर भांडणात नांग्या तुटतील आणि कुणी कुणाला खाऊनही टाकेल. सकाळी वर काढा आणि कोण उरलं ते लिहा. हेच काही रात्री, पिंजरे आलटून-पालटून. यातून तुम्हाला मापागणिक एक वक्र मिळतो: या मापाचे इतके राहिले, त्या मापाचे सगळेच निसटले. समुद्रात नंतर ४५ मिलिमीटरचे एकही मिळाले नाहीत, तर ते तिथे नव्हते की जाळीतून गळाले, या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याकडे आधीच असेल.

लॉबस्टर जाळीतून निसटतो तो कवचाच्या लांबीवर नव्हे, तर रुंदीवर आणि जाडीवर. तो कुशीवर होऊन, शेपूट आधी काढून, एकेक नांगी ओढून बाहेर पडतो. कात टाकल्यावर तर अंग मऊच असतं. तेव्हा काही जणांची रुंदीही मोजून ठेवा.

जमलं तर कॅमेरा लावा. छोटे पाण्यातले कॅमेरे आता स्वस्त झाले आहेत, प्रश्न बॅटरीचा आणि रात्रीच्या उजेडाचा असतो. लॉबस्टरला लाल उजेड फारसा दिसत नाही, म्हणून लाल दिवे वापरतात. व्हिडिओ बघताना तीन गोष्टी मोजा: पिंजऱ्याजवळ किती आले, किती आत शिरले, किती बाहेर गेले. मोठा लॉबस्टर किचनमध्ये बसून दाराशी येणाऱ्या प्रत्येक लहानग्यावर नांग्या उगारतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ‘पकड कमी म्हणजे संख्या कमी’ असं म्हणायची हिंमत होत नाही. पिंजऱ्यात आधीच लॉबस्टर किंवा खेकडे ठेवून केलेल्या जुन्या प्रयोगांतही बाहेरून येणाऱ्यांची पकड घटलेली दिसली आहे. दार अरुंद करण्यामागचा विचार हाच: दादा लोकांना बाहेर ठेवा, म्हणजे पोरं आत येतील. फक्त अरुंद दाराशी मोठा बाहेरूनच अडून बसत नाही ना, हेही कॅमेऱ्यातच दिसतं.

पाचवी पायरी: मांडणी

२००६ पासून न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर फट नसलेल्या पिंजऱ्यांचं जे सर्वेक्षण चालतं, त्याची मूळ पद्धत नवख्याने आधी समजून घ्यावी, कारण तुमचे आकडे शेवटी त्याच्याशीच ताडले जातील. ६० मीटरपर्यंतचा तळ खोलीनुसार तीन पट्ट्यांत विभागायचा, प्रत्येक पट्ट्यातल्या जागा चिठ्ठ्या टाकल्यागत निवडायच्या, प्रत्येक जागी एकाच दोरावर सहा पिंजरे, एक फटीचा, एक बिनफटीचा असे एकाआड एक. सुमारे तीन रात्री पाण्यात, मग पिंजरे वर ओढायचे.

तुमच्या चाचणीतही नवा आणि जुना पिंजरा एकाच दोरावर एकाआड एक ठेवा. पुढच्या वेळी क्रम उलटा करा, कारण टोकाच्या पिंजऱ्यांना मधल्यांपेक्षा वेगळी पकड मिळते. त्यांना एका बाजूने शेजारी नसतो, तेवढं आमिषाच्या वासाचं क्षेत्र मोकळं. दोन पिंजऱ्यांतलं अंतर कायम ठेवा. फार जवळ ठेवले तर लॉबस्टर एकाच वासावर दोन्हींकडे जातील आणि तुलना नावापुरती उरेल.

आमिष तोलून घाला. खारवलेली हेरिंग नेहमीची, हल्ली पोगी नावाचा मेनहेडन मासाही बराच वापरतात. कोणतंही घ्या, पण हंगामभर एकच घ्या, एकाच पुरवठादाराकडून, आणि दर खेपेला जुनं फेकून नवं भरा. पुष्कळदा कप्तान प्रेमाने मूठभर जास्त घालतो. त्याला सांगा.

तापमान नोंदवायचं यंत्र निदान एका पिंजऱ्यात हवंच. पाणी तापलं की लॉबस्टर जास्त हिंडतो, जास्त खातो आणि जास्त सापडतो. संख्या तेवढीच असली तरी जूनपेक्षा ऑगस्टची पकड म्हणूनही वाढू शकते. २००१ पासून ईमोल्ट नावाच्या उपक्रमात मच्छीमार आपल्या पिंजऱ्यांवर असेच तापमापक बांधून तळाचं तापमान मोजत आले आहेत. तुमच्या भागात कुणी त्यात असेल तर जुन्या नोंदींशी ताडून बघता येईल.

तळ कसला आहे हेही लिहा: गोटे, खडक, वाळू, चिखल. खात्री नसेल तर कॅमेरा दोराला बांधून सोडा. गोट्यांच्या तळावरचा जुना पिंजरा आणि चिखलावरचा नवा यांची तुलना करून कुणाचंच भलं होत नाही.

सहावी पायरी: पिंजरे ओढण्याचा दिवस

पहिला धडा दोराचा. पिंजरा पाण्यात जाताना दोर वेगाने धावतो आणि डेकवर पडलेल्या वेटोळ्यात पाय असेल तर माणूस त्याच्यामागे जातो. या धंद्यात माणूस समुद्रात पडण्याचं हे मोठं कारण आहे. पाय कुठे आहेत ते सतत बघा, सुरी हाताशी ठेवा, लाइफ जॅकेट अंगावरच ठेवा. कोकणच्या पाण्याची सवय असलेल्याला कळत नाही की भर जुलैतही मेनचं पाणी माणसाचे हातपाय थोड्या वेळात बधिर करतं. धुकं येतं तेही सांगून येत नाही.

हायड्रॉलिक हॉलरने, म्हणजे दोर ओढायच्या यंत्राने, पिंजरा वर आला की तो कठड्यावर ठेवतात. इथून पुढे तुमचं काम. पिंजरा क्रमांक, रचना, दोरावरची जागा, सरळ आला की उलटा, आमिष उरलं की संपलं, हे सगळं आधी लिहा, मग झाकण उघडा. एकाने मापायचं आणि एकाने लिहायचं. लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा. इंजिनाच्या आवाजात ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ सारखेच ऐकू येतात.

लॉबस्टर पाठीच्या कवचाला, नांग्यांच्या मागून धरा. लहानाला शेपटीला धरून उचलू नका, आणि नांगीला तर मुळीच नाही, तो ती सोडून देऊन पळतो. व्हर्निअर कॅलिपरने मिलिमीटरपर्यंत माप. नर-मादी ओळखायला पोट वर करा आणि शेपटीखालच्या इवल्या पायांच्या पहिल्या जोडीला बोट लावा: कडक असेल तर नर, पिसासारखी मऊ असेल तर मादी. फार लहानांत हे चटकन जमत नाही, तिथे अंदाज ठोकण्यापेक्षा ‘अनिश्चित’ लिहा. कवच कडक की मऊ, नांग्या किती, कवचावर रोगाचे खड्डे आहेत का. मोठी मादी आली आणि शेपटीला अंडी चिकटलेली असतील तर शेपटीच्या पाकळीवर इंग्रजी व्ही आकाराची खाच आहे का तेही बघा. अंडी असलेल्या मादीला मच्छीमार अशी खाच पाडून सोडतात, म्हणजे पुढे अंडी नसतानाही तिला कुणी ठेवू नये. ही मेनची जुनी आणि चांगली रीत.

खेकडे सोडू नका, म्हणजे नोंदीतून सोडू नका. जोना खेकडा आणि रॉक खेकडा दोन्ही मोजा. बारीक जाळीच्या पिंजऱ्यात ते गर्दी करतात, आमिष संपवतात आणि लहान लॉबस्टरला हाकलतात. नव्या रचनेचं अपयश कधी कधी फक्त खेकड्यांच्या रकान्यात दिसतं. कनर, स्कल्पिन असे मासेही लिहा.

आणि रिकामा पिंजरा? तोही एक नोंद आहे. शून्य लिहायचं, ओळ गाळायची नाही.

मापलेले लॉबस्टर ओल्या गोणपाटाखाली ठेवा, उन्हात आणि वाऱ्यावर नाही, आणि पकडले तिथेच सोडा. वरून भिरकावू नका. लहानगा तळाशी पोचेपर्यंत त्याला गिळायला मासे टपलेले असतात, म्हणून शक्य तिथे उथळ, दगडी जागेवर सोडणं बरं.

सातवी पायरी: आकडे बघताना

एकूण पकड आधी बघू नका. मापाचे गट करा, दहा-दहा मिलिमीटरचे, आणि प्रत्येक गटात नवा विरुद्ध जुना असं मांडा. समजा ४० ते ६० च्या गटात नव्या पिंजऱ्यांत ३० आणि जुन्यांत १० मिळाले, आणि ७० च्या वरच्या गटात दोन्हींत साधारण २० च मिळाले. याचा अर्थ नवा पिंजरा लहानांना धरतो आणि मोठ्यांच्या बाबतीत बिघडलेला नाही. वरच्या गटात नव्याचे ८ झाले, तर मात्र थांबा. लहानांच्या गर्दीने मोठे आत आले नाहीत, की अरुंद दारातून त्यांना शिरताच आलं नाही? याचं उत्तर आकड्यांत नाही, कॅमेऱ्यात आणि धक्क्यावरच्या चाचणीत आहे.

पिंजऱ्यांची पकड सरासरीभोवती शहाण्यासारखी बसत नाही. बरेच शून्य, काही तीन-चार, आणि मधूनच एक ठासून भरलेला. त्यामुळे दोन सरासऱ्यांची तुलना करणारी साधी टी-टेस्ट लावून मोकळे होऊ नका. अशा विस्कळीत मोजण्यांसाठीचं निगेटिव्ह बायनॉमियल प्रकारचं सांख्यिकी मॉडेल घ्या, आणि एकाच दोरावरचे पिंजरे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात हे त्यात सांगा. सांख्यिकी जमत नसेल तर हंगामाआधीच जमणाऱ्याला गाठा. हंगामानंतर तो तुमच्या मांडणीतला दोष दाखवण्यापलीकडे काही करू शकणार नाही.

आणखी एक, जे लिहायला बहुतेक जण विसरतात: नव्या पिंजऱ्याने जुन्या नोंदींशी नातं तुटता कामा नये. सर्वेक्षणात पिंजरा बदलायचा असेल तर निदान एक-दोन हंगाम दोन्ही शेजारी शेजारी चालवून एकाचे आकडे दुसऱ्यात कसे बदलायचे ते काढावं लागतं. नाहीतर आलेखात पिंजरा बदलल्याची उडी दिसेल आणि लोक ती लॉबस्टर वाढल्याची समजतील. जुना पिंजरा वाईट असला तरी दरवर्षी तितकाच वाईट होता, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

हे आपल्याकडे चालेल का?

परत येणाऱ्यांना हा प्रश्न पडणारच. जसंच्या तसं नाही. महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावरची शेवंड मुख्यत्वे पॅन्युलिरस पॉलिफॅगस, चिखलाजवळच्या खडकांत राहणारी, आणि ती जाळ्यांत येते. पिंजऱ्याची परंपरा दक्षिणेकडे, कन्याकुमारीच्या बाजूला आहे; तिथे ताडाच्या देठांचे पिंजरे विणतात. तळाशी उतरणारं शेवंडीचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं. ते गोट्यांच्या सांदीत नाही, तर समुद्री शेवाळासारख्या तंतूंना जाऊन चिकटतं. त्यामुळे मेनचा गोट्यांचा ट्रे इथे कुचकामी, त्याऐवजी तंतूंचे झुपके लावलेले कलेक्टर लागतील. पश्चिम ऑस्ट्रेलियात अशाच कलेक्टरवर १९६० च्या दशकाच्या शेवटापासून पिल्लं मोजतात आणि तीन-चार वर्षांनंतरच्या पकडीचा अंदाज बांधतात. तिथे २००८ च्या सुमारास पिल्लं अचानक घटली, तेव्हा पकड पडायची वाट न बघता मासेमारी आधीच कमी केली गेली.

पद्धत मात्र चालते: मापाची मर्यादा ठरवणं, एकच बदल करणं, धक्क्यावर टिकाव तपासणं, एकाआड एक मांडणी, शून्यांची नोंद. हंगाम उलटा धरावा लागेल. मेनमध्ये सर्वेक्षणाचे पिंजरे जून ते ऑगस्ट पाण्यात असतात, आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद आणि समुद्र उधाणलेला. म्हणजे ऑक्टोबर ते मे. मुंबईच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक मोठा आणि प्रवाह जोरदार, त्यामुळे पिंजऱ्याचं वजन आणि दोराची लांबी नव्याने ठरवावी लागेल. मापासाठी आधार आहे: निर्यातीसाठी पॉलिफॅगस शेवंडीचं किमान वजन ३०० ग्रॅम ठरवलेलं आहे. पण ते वजनात आहे, लांबीत नाही. तेव्हा इथल्या कुणी चाचणी सुरू केली तर पहिल्या हंगामात लांबी आणि वजन दोन्ही घ्यावं, नर-मादी वेगवेगळं, आणि त्याचं कोष्टक बोटीच्या केबिनमध्ये चिकटवावं.